पोटाला नाही आणि चित्रं कसली?

बेघर पोरांसाठी आम्ही कला-उपचाराची एक खोली चालवतो, म्हणजे चित्रं आणि मातीकामातून मनाला आधार. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली त्यावरच्या प्रश्नाला मी नुसता चहा संपवतो. लग्नाच्या पंगतीत, कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत, सूर एकच: ज्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्याला रंगपेटी देऊन काय साधतं?

घर साधत नाही. जेवणही नाही. आधी निवारा, दवाखाना, आधार कार्ड, हे मीही म्हणतो. पण ते देणारा प्रत्येक जण आधी विचारतो: गाव कुठलं, पळालास का, बाप काय करतो. मग पोरं एक गोष्ट पाठच करून ठेवतात आणि प्रत्येक टेबलासमोर ती घडाघडा म्हणतात. आमच्या खोलीत काही सांगावं लागत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच बसायची जागा. ज्यांचं दुसरं काहीच ठरलेलं नसतं, ती पोरं यासाठीसुद्धा येतात.

ओले रंग पहिल्या दिवशी देत नाही. ते पसरतात, आवरत नाहीत, आणि काही पोरं तेवढ्यानंही बिथरतात. आधी पेन्सिल, तेलखडू, माती नंतर. ‘घर काढ’ असं तर कधीच सांगत नाही.

एसटी स्टँडवर झोपणारा, एका गाड्यावर ताटं घासणारा मुलगा यायचा. सतरा-अठराचा. सतत पाण्यात राहून बोटांची सालं निघालेली. शाडू लागली की चरचरायचं, तरी हात बाहेर काढायचा नाही. एकदा त्यानं तळहाताएवढं दार केलं. चौकट, फळ्यांच्या रेघा, आणि आतल्या बाजूला कडी. कडी खरीखुरी सरकावी म्हणून तिच्यात आगकाडी घातलेली. तासभर तो ती मागंपुढं करून बघत होता.

नेमके त्या दिवशी देणगीदार आले. एका बाईंनी मोबाइल पुढं धरला. ‘अरे वा! हे तुझं घर का रे? आठवण येते का आईची?’ तो काही बोलला नाही. मूठ आवळली. आगकाडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मातीचा गोळा टेबलावर ठेवला आणि हात न धुता निघून गेला. ‘फारच हळवा आहे हो,’ बाई म्हणाल्या. जाताना कुणीतरी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाहुण्यांसमोर चेहरा जरा बरा ठेवत जा. तेव्हापासून त्या वेळेत पाहुण्यांना दार बंद आहे. यावरून माझ्याविषयी जे बोललं जातं ते मला माहीत आहे.

बरेच आठवडे तो आला नाही. गोळा मी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला होता, फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचो. मग एकदा दारात उभा: ‘सर, माझी माती हाय काय?’ घेतली, तासभर नुसती मळली, केलं काहीच नाही. पुढच्या खेपेलाही तेच.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवणारा पूर्वीचा मी म्हणाला असता, वेळ वाया गेला. कला-उपचाराचा कोर्स नुकताच केलेला मी म्हणाला असता, आता याला बोलतं करायला हवं. या क्षेत्रातल्या दोन आद्य बायकांचंही इथं जुळत नाही. मार्गारेट नॉमबर्ग यांच्या मते चित्र म्हणजे मनातलं वर येण्याची वाट, ते वर आलं की त्यावर बोलायचं. एडिथ क्रेमर यांच्या लेखी घडवणं हाच उपचार. मी क्रेमरबाईंकडे झुकतो. पण त्यानं तर काही घडवलंच नाही. मग तो उपचार होता का? कुणी ठामपणे ‘हो’ म्हटलं तर मला ते पटणार नाही, आणि तुम्ही ‘नाही’ म्हटलंत तर मी भांडेन.

पुढं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला, असं ऐकलं. अठरा पूर्ण झाले की ‘बालक’ म्हणून मिळणारी दारं मिटतात. 2015च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण जो कधी बालगृहात गेलाच नाही, त्यानं कुठं जायचं? याचं उत्तर रंगपेटीत नाही, मान्य.

तरीही मदत करायचीच असेल तर चित्रकलेच्या वह्या नकोत, त्या ढीगभर पडल्यात. स्टँडवर यांची पिशवीसुद्धा सकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून प्रत्येकाच्या नावाची फाइल आम्ही ठेवतो, आणि ती त्याच्याशिवाय कुणी उघडायची नाही. सध्या त्या खोक्यांत आहेत. कुलूप लागणारं लोखंडी कपाट कुणाकडे पडून असेल तर कळवा, टेम्पो मी घेऊन येतो.