बाघकडे सगळे डायनासोरसाठी जातात, मी सी-अर्चिनपाशी थांबले

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कुठंही गाडी थांबवा आणि इथे जुने दगड कुठे बघायला मिळतात असं विचारा, पहिलं उत्तर एकच, "अंडा देखना है क्या?" चहाच्या टपरीवाल्यापासून लॉजच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना वाटतं की बाहेरून आलेला माणूस डायनासोरच्या अंड्यासाठीच आलाय, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं म्हणा. बाघ, कुक्षी, मनावर हा पट्टा त्यासाठीच पेपरात येतो. पाडल्या गावात लोक शेताच्या रक्षणासाठी गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते आणि ते दगड डायनासोरची अंडी निघाली, ही बातमी 2023 मध्ये देशभर गाजली. त्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, पिढ्यानपिढ्या त्या दगडांना जपलं ते त्या शेतकऱ्यांनीच. पण त्यानंतर जो तो अंडं-अंडं करत येतो, सेल्फी काढतो आणि ज्या दगडावर उभं राहून काढतो त्या दगडात काय आहे ते बघतसुद्धा नाही, याचा मला खरंच राग येतो.

इंदूरला मावशीकडे गेले होते. मांडू झालं, महेश्वर झालं, दोन्ही सुंदर, दोन्हींवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे ते सोडते. मला लिहायचंय ते मनावर-झिराबादच्या बाजूला गेलेल्या एका दुपारबद्दल.

काकांच्या ओळखीचे एक सर आहेत, कॉलेजात जिऑलॉजी शिकवून रिटायर झालेले, आमच्याबरोबर यायला एका फोनवर तयार झाले. सकाळी निघालो तेव्हा मी त्यांना सांगितलं की सर, मला अंडी नाही बघायची, मला समुद्र बघायचाय. सर हसले नाहीत, उलट म्हणाले, "बरं झालं, हे कुणीच मागत नाही."

समुद्र आणि निमाड, म्हणजे हा नर्मदेकाठचा पट्टा? हो. नर्मदेच्या या खोऱ्यात साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र आत शिरला होता. तेव्हा जगभरच समुद्राची पातळी प्रचंड वाढलेली होती आणि भारत अजून आशियाला चिकटायचा होता, मादागास्कर त्याच सुमाराला आपल्यापासून सुटत होतं. त्या उथळ समुद्राच्या तळाशी जो गाळ साचला त्याचे खडक म्हणजे हे बाघ बेड्स. खाली निमाड वाळूखडक, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, मग मार्ल म्हणजे चुना मिसळलेल्या मातीचा भुसभुशीत थर, त्यावर अजून एक लालसर चुनखडक जो ब्रायोझोआ नावाच्या बारीक वसाहती करणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांनी भरलाय. समुद्र गेल्यानंतर कितीतरी काळाने त्यावर लॅमेटा नावाचे थर, डायनासोरची अंडी आहेत ती त्यात. आणि सगळ्यात वर आपला काळा कातळ.

हा "आपला" मी मुद्दाम लिहिलाय. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग या बेसॉल्टखाली, म्हणजे थिजलेल्या लाव्हाखाली, गाडला गेलाय. आपण सह्याद्रीत फिरतो, किल्ले चढतो, पायाखाली सगळीकडे लाव्हा, समुद्रातले जीवाश्म शोधायचे तर कुठे शोधणार, म्हणून आपल्याकडच्या पोरांना जीवाश्म म्हणजे परदेशातली गोष्ट वाटते. इथे निमाडात नर्मदेने आणि तिच्या उपनद्यांनी तो कातळ खरवडून काढलाय म्हणून त्याच्या खालचा समुद्र उघडा पडलाय. डोकं वर करून टेकडीकडे बघितलं की माथ्यावर तोच काळा दगड दिसतो जो सिंहगडावर दिसतो, आणि खाली बघितलं की शेताच्या बांधात फिकट पिवळा चुनखडक. मला हे बघून जे वाटलं ते मांडूच्या जहाज महालात वाटलं नाही.

सर एका शेताच्या बांधापाशी थांबले. शेतातले दगड वेचून रचलेला साधा बांध, कमरेएवढा. शेतकरीदादा लांबून बघत होते, सरांनी हात केला तर तेही आले. सरांनी मला सांगितलं की आता बोलू नका, फक्त बघत जा. मी बघत गेले. शिंपले दिसले, आणखी शिंपले, आणि मग दोन दगडांच्या मधे लिंबाएवढा एक गोळा, वरून किंचित चपटा, आणि त्याच्यावर पाच पाकळ्यांचा तारा. अगदी स्पष्ट. कोणी बसून कोरलाय असं वाटावं इतका. मी काही बोलले नाही, बोलताच आलं नाही, डोळ्यात पाणी आलं हे मात्र सरांनी बघितलं.

तो हेमिअ‍ॅस्टर होता, सी-अर्चिन, म्हणजे काटेरी गोल कवचाचा समुद्री प्राणी. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कंटकचर्मी प्राणी म्हणून तारामासा, सी-अर्चिन, सी-ककुंबर, ब्रिटल स्टार अशी नावं आपण पाठ केली आणि दोन मार्कांत संपवली ना, तेच. या बाघच्या कंटकचर्मींवर डंकन या ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञांनी 1865 मध्ये लंडनमध्ये पेपर लिहिला, अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या जीवाश्मांबरोबर, कारण दोन्हीकडचे अर्चिन एकमेकांशी ताडून बघण्यासारखे होते. नंतर भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी 1884 मध्ये या खोऱ्याचा भूगर्भ सविस्तर लिहून काढला, तेच बोस ज्यांच्या पत्रावरून टाटांना मयूरभंजचं लोखंड कळलं. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं हे जगाला माहिती आहे आणि लॉजच्या मॅनेजरला माहिती नाही, त्यात त्याचा काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नाही.

बांधात एक फुटलेला तुकडा पण होता आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली. फुटलेली बाजू उन्हात चकाकत होती, सपाट, आरशासारखी. सर म्हणाले की शिंपला फुटला तर असा चकाकत नाही. कंटकचर्मींच्या कवचाची प्रत्येक पट्टी म्हणजे कॅल्साइटचा, चुनखडकातल्याच खनिजाचा, एकच सलग स्फटिक असतो, जिवंतपणी त्याला असंख्य बारीक भोकं असतात आणि त्यात मांस असतं, मेल्यावर ती भोकं कॅल्साइटनेच भरतात आणि पट्टी फुटताना स्फटिकासारखी सपाट फुटते. त्यामुळे नुसता तुकडा हातात आला तरी हा यांच्या घराण्यातला हे कळतं. तारामासा असो, अर्चिन असो, समुद्राच्या तळाशी देठावर उभी राहणारी सी लिली असो, सगळ्यांची हीच खूण, आणि ती कॅम्ब्रियन काळापासून म्हणजे 50 कोटींहून जास्त वर्षं चालत आलीये.

मी विचारलं मग इथे तारामासे का नाही सापडत? कारण तारामाशाचं शरीर सुट्ट्या पट्ट्यांचं असतं, मेला की थोड्याच दिवसांत सगळं विखुरतं, तो अख्खा राहायचा तर त्याच्यावर एकदम गाळ कोसळून तो गाडला जायला हवा. म्हणून अख्खे तारामासे जगात मोजक्या ठिकाणी मिळतात. मोरोक्कोतल्या फेझुआता इथे 48 कोटी वर्षांपूर्वीचा एक मिळालाय, कँटाब्रिजिअ‍ॅस्टर नाव दिलंय, 2021 मध्ये जाहीर झाला, आणि तो तारामाशांच्या सगळ्यात जुन्या पूर्वजांपैकी मानतात. अर्चिनचं कवच मात्र पट्ट्या घट्ट सांधलेलं, त्यामुळे तो टिकतो.

पाच पाकळ्यांचं पण सुरुवातीपासून ठरलेलं नव्हतं. सर बांधावर बसून हे सांगत होते आणि शेतकरीदादा, मी, ड्रायव्हर सगळे ऐकत होतो. कॅम्ब्रियनमध्ये यांच्यातच हेलिकोप्लाकस नावाचे प्राणी होते, अंगावर गोल गोल फिरत जाणाऱ्या पट्ट्या आणि अन्नाच्या वाटा तीन, पाच नाहीत. काही तर कुठल्याच बाजूने सारखे नव्हते. ते सगळे संपले, पाचवाले राहिले. आणि अळी बघितली तर तारामाशाची अळी आजही आपल्यासारखी डावी-उजवी असते, मोठं होताना ती पाचात वळते. माशी किंवा खेकड्यापेक्षा तारामासा आपला जवळचा नातेवाईक आहे, हे मला आधी माहिती होतं पण त्या बांधापाशी ते वेगळंच लागलं. 2023 मध्ये तर असं समोर आलं की डोक्यासाठी जी जनुकं चालू असतात ती तारामाशाच्या जवळजवळ सगळ्या अंगभर चालू असतात, धडाची जवळजवळ नाहीतच.

अर्चिन तर एकदा संपता संपता वाचलेत. पर्मियनच्या शेवटी, 25 कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातलं बहुतेक सगळं मेलं तेव्हा यांच्या अगदी थोड्या शाखा पार झाल्या. त्याआधी कवचावर पट्ट्यांच्या रांगा कितीही असायच्या, नंतर जे टिकले त्यांच्यात 20, आजच्या प्रत्येक अर्चिनमध्ये 20. मग ज्युरासिकच्या सुरुवातीला त्यातले काही वाळूत-गाळात शिरायला लागले. गोल राहून पुढे सरकता येत नाही, म्हणून गुदद्वार माथ्यावरून मागे गेलं, तोंड पुढे सरकलं, जबडा पुढे या हृदयाच्या आकाराच्या अर्चिनच्या घराण्यात गेलाच कारण गाळ खायला जबडा लागत नाही. आणि त्या पाकळ्या शोभेच्या नाहीत, त्यातून बारीक नळ्यांसारखे पाय बाहेर यायचे आणि त्यांनी तो गाळात बसून श्वास घ्यायचा. मी परत तो लिंबाएवढा गोळा बघितला, पुढची पाकळी खरंच बाकीच्या चारांपेक्षा वेगळी होती. पाचाचा तारा तसाच ठेवून त्याच्यावर पुढचं-मागचं शरीर चढवलेलं. हे कळल्यावर मी परत पाच मिनिटं फक्त तेच बघत बसले.

उचलला नाही. सरांनी आधीच सांगितलं होतं की बांधातलं बांधात ठेवायचं, फोटो काढायचा, बाजूला पेन ठेवून काढायचा म्हणजे माप कळतं. हे मी इथेही सांगते, कृपा करून उचलू नका. तिथल्या एका ठिकाणी एक माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्चिन आणि शिंपले काढून "ले लो मैडम" करत होता, आणि घेणारे होते, पुण्या-मुंबईचे, मराठीत घासाघीस करत. त्यांच्याशी मी भांडले. कुठल्या थरातून आला हे एकदा हरवलं की तो दगड नुसता दगड राहतो हो, मग दिवाणखान्यात ठेवून काय मिळणार.

दादांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दाल-पानिया, म्हणजे मक्याचं पीठ पानांमध्ये दाबून गोवऱ्यांवर भाजलेलं, त्यावर तूप. लॉजमध्ये रात्री जे खाल्लं त्याबद्दल न बोललेलं बरं, एवढ्या उन्हात पंखा चालत नव्हता त्याबद्दलही, पण या घरात ओळख नाही पाळख नाही आणि बाईंनी मला तीनदा वाढलं. त्यांच्या दहावीतल्या मुलीने विचारलं की दीदी, बांधात असं काय आहे. मी तिला नेऊन दाखवलं. तिने पाकळ्या मोजल्या, मग बांधाच्या दुसऱ्या टोकाला पळत गेली आणि तिथून ओरडली की इथे अजून आहेत, आणि खरंच होते, लहान लहान, तिने रोज त्यावर बसून अभ्यास केलेला.

परतीच्या वाटेवर सरांना म्हटलं, आपल्या कोकणात वाळूवर चपट्या पाच पाकळ्यांच्या चकत्या मिळतात, सँड डॉलर, ते याच लोकांतले ना? याच लोकांतले, पण ती चपटी मंडळी डायनासोर गेल्यानंतरची. हा लाव्हा वाहत होता त्याच काळात डायनासोर संपले, अर्चिनच्याही बऱ्याच जाती गेल्या, पण घराणं राहिलं, हृदयाच्या आकाराचे अर्चिन आजही जगभरच्या समुद्रांत गाळात खणत बसलेत.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हाळ्यात निमाड सोसवत नाही. बाघच्या लेण्या जवळच आहेत, त्याही बघा. गाडी इंदूर किंवा धारहून करा आणि शक्यतो जिऑलॉजी कळणारं कोणीतरी बरोबर न्या, नाहीतर डायनासोरवर बोलणारेच भेटतील. काकांनी रात्री विचारलंच, अंडं बघितलं का. मी त्यांना अर्चिनचे फोटो दाखवत तासभर बोलले, आता पुढच्या थंडीत त्यांना आणि मावशीला घेऊन त्याच शेतावर जायचं ठरलंय, त्या मुलीला द्यायला भिंग घेऊन.