खुर्चीच्या पायांमधली जागा

चित्रं काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठेही गेले की एक प्रश्न हमखास येतो : "तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?" शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा वाटलं, या प्रश्नाचं उत्तर इथेच द्यावं. कारण ते मला याच शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात मिळालं.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा टेबलावर लाकडी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "खुर्ची काढायची नाही. तिच्या पायांमधून, पाठीच्या पट्ट्यांमधून पलीकडची भिंत दिसते ना, तेवढीच काढा." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग एक उभट चौकोन काढला, त्याच्या शेजारी चिंचोळा त्रिकोण, वर तीन तिरप्या फटी. असे तुकडे जागच्या जागी बसत गेले आणि कागदावर खुर्ची आपोआप उभी राहिली. एरवी आम्ही काढत असू त्यापेक्षा कितीतरी खरी.

त्याचं कारण सरांनी फळ्यावर दाखवलं. खुर्चीचे चारही पाय सारखे असतात हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हात ते सारखेच काढतो. प्रत्यक्षात आपण बसलोय तिथून मागचे पाय आखूड दिसतात. माहिती डोळ्यांच्या आड येते. मोकळ्या जागेबद्दल मात्र आपल्याला आधीपासून काहीच माहीत नसतं, त्यामुळे ती नीट बघावीच लागते. नवं काही सुचण्याची सुरुवात तिथून होते, असं माझं ठाम मत आहे.

हीच शिदोरी मला आजवर पुरली. बाकावर शेजारी बसलेल्या माणसांची चित्रं मी पुष्कळ केली. त्या प्रत्येकाची पहिली रेघ दोन खांद्यांमधल्या अंतराची असते. ते अंतर नेमकं सापडलं की ती दोघं भांडून बसलीत की दमून, हे चेहरे काढायच्या आधीच कळतं.

पुढे जलरंगात पडले तेव्हा हेच पुन्हा भेटलं. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. उजेड जिथे हवा ती जागा आधीच राखून ठेवावी लागते, म्हणजे काय रंगवायचं नाही हे कुंचला बुडवण्यापूर्वी ठरवायचं. रंगही मी मुद्दाम मोजकेच घेते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे जवळपास विरोधी रंग, त्यामुळे मिसळले की एकमेकांना मारतात आणि सुंदर राखाडी तयार होतो. निळा वाढवला तर थंड, तपकिरी वाढवला तर उबदार. खरखरीत कागदावर हे मिश्रण ओलं असतानाच सोडून द्यावं. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर असा पोत येतो, जो ट्यूबमधल्या तयार राखाडीत मला कधी दिसला नाही. (हा निळा एकेकाळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द दगड कुटून काढत आणि तो फार महाग असे. १८२० च्या दशकात तो कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत सापडली, म्हणून आज तो शाळकरी मुलांच्या रंगपेटीत असतो.) हाताशी कमी असलं की हात शोधायला लागतो, हे मला या दोन रंगांनी शिकवलं.

इटलीचा ज्योर्ज्यो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे आयुष्यभर रंगवत राहिला. मांडणी जराशी हलवायची, दोन बाटल्यांमधली फट कमी-जास्त करायची आणि पुन्हा रंगवायचं. त्याची चित्रं बघताना मला सरांची खुर्ची आठवते. आणि फ्रेंच चित्रकार आंरी मातिस! १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला बराच काळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत काढावा लागला. तेव्हा सहायकांकडून कागद रंगवून घेऊन तो ते कात्रीने थेट कापू लागला. कापून उरलेले तुकडेही त्याने टाकले नाहीत, चित्रात वापरले. आकाराइतकीच त्याच्या भोवतालची जागाही मोलाची मानणारा माणूसच हे करू शकतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, मला आधी काही सुचत नाही, काढता काढता सुचतं. मन कोरडं असतं त्या दिवशीही मी कागद ताणून बसवते, समोर असेल त्या वस्तूच्या फटी काढत राहते. बरेचदा तेवढ्यावरच दिवस संपतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

शाळेकडे एकच मागणं आहे. वरच्या वर्गांत अभ्यास वाढला की पहिली गदा चित्रकलेच्या तासावर येते. तो तास काढून घेऊ नका. प्रत्येक चित्र स्पर्धेला पाठवायचंच, असंही करू नका. वर्गात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा भरपूर असू द्या आणि टेबलावर एखादी खुर्ची ठेवा.