आज सगळ्यांच्या पाठीवर ४२, आणि मला जॉश आठवतोय

१५ एप्रिल, रात्र

आज मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, प्रत्येक टीममधल्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एकच नंबर होता, ४२. जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरला आणि ब्लॅक खेळाडूंवरची साठेक वर्षांची बंदी मोडली, म्हणून २००९ पासून या दिवशी सगळेच ४२ घालतात, पिचर, कॅचर, कोच, सगळे. मला हा दिवस फार आवडतो. पण दरवर्षी मॅच बघता बघता माझं मन जॅकीवरून सरकतं आणि जॉश गिब्सनवर जाऊन बसतं, कारण जॅकी उतरला त्याच्या तीन महिनेसुद्धा आधी नाही, २० जानेवारी १९४७ ला, जॉश इथे आमच्या पिट्सबर्गमधे गेला. ३५ वर्षांचा होता फक्त.

जॉशचा जन्म १९११ चा, जॉर्जियातल्या ब्युएना व्हिस्टाचा. वडील पोटासाठी पिट्सबर्गच्या स्टील मिलमधे आले आणि मागून घरचे आले. तो कॅचर, म्हणजे पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल बसून पकडायचा, गुडघ्यांची वाट लावणारं काम, आणि ते करून हा माणूस बॅटिंगला आला की बॉल कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. १९३० मधे त्याची बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना गेली. तेव्हा जॉश अठरा वर्षांचा होता. पोरं बायकोच्या माहेरच्यांनी वाढवली आणि हा खेळत राहिला, उन्हाळ्यात इथे, हिवाळ्यात प्वेर्तो रिको नाहीतर क्यूबा, बसमधे झोपायचं, रस्त्यातल्या हॉटेलात जेवण मिळेलच असं नाही कारण गोऱ्यांचं हॉटेल असलं की दारातूनच परत. १९४३ च्या सुरुवातीला तो बेशुद्ध पडून हॉस्पिटलमधे होता, ब्रेन ट्यूमर निघाला आणि तो ऑपरेशनला नाही म्हणाला असं सांगतात. त्याच वर्षी त्याने होमस्टेड ग्रेज या ब्लॅक टीमकडून सीझनभर ०.४६६ ने बॅटिंग केली.

हा आकडा आपल्या क्रिकेटवाल्यांना पटकन लागत नाही म्हणून सांगतो, बेसबॉलमधे अ‍ॅव्हरेज म्हणजे आउट व्हायच्या आधी किती रन हे नाही, तर बॅटिंगच्या किती संधींपैकी किती वेळा हिट मिळाला, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचला, ते, आणि दहापैकी तीनदा ज्याला जमतं त्याला लोक डोक्यावर घेतात. कारकीर्दभर दहापैकी चारच्या जवळ जाणं जवळपास कुणालाच जमत नाही. टाय कॉबचं ०.३६७ हे जवळजवळ शंभर वर्षं सगळ्यात वर होतं, आणि मे २०२४ मधे मेजर लीगने निग्रो लीगचे, म्हणजे बंदीच्या काळातल्या ब्लॅक खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, आकडे आपल्या अधिकृत रेकॉर्डमधे घेतले तेव्हा जॉशचं ०.३७२ कॉबच्याही वर जाऊन बसलं. स्लगिंगमधे, म्हणजे एका संधीमागे सरासरी किती बेस मिळवले त्यात, ०.७१८, म्हणजे बेब रूथच्याही पुढे. मेलेल्या माणसाला सत्त्याहत्तर वर्षांनी पहिला नंबर मिळाला. त्या दिवशी ऑफिसमधे माझं कामात लक्षच लागलं नाही, दुपारी परत परत ती लिस्ट उघडून वरचं नाव बघत होतो.

बऱ्याच लोकांनी तेव्हा कुरकुर केली की निग्रो लीगचे सीझन छोटे, मॅच कमी, मग तुलना कशी करता. मॅच कमी होत्या हे खरंय, लीगच्या साठ-सत्तर-ऐंशी वगैरेच मॅच व्हायच्या, बाकी सगळं वर्ष गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळायचे कारण पोट त्यावरच चालायचं. पण सीझन छोटे का होते? त्यांना मोठ्या लीगमधे येऊच दिलं नाही म्हणून. आधी दरवाजे लावायचे आणि मग आत किती मॅच खेळलास असं विचारायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. आणि हे आकडे कुणी हवेतून आणलेले नाहीत, पिट्सबर्ग कूरियर, शिकागो डिफेंडर असल्या ब्लॅक लोकांच्या पेपरांचे जुने अंक मायक्रोफिल्मवर बघून, एकेका मॅचचा बॉक्स स्कोअर, म्हणजे स्कोअरकार्ड, शोधून, जुळवून, वर्षानुवर्षं खपून काही लोकांनी हे उभं केलंय, बहुतेक जण हौशी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. डिसेंबर २०२० मधे १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला गेला आणि सुमारे चौतीसशे खेळाडू एका दिवसात मेजर लीगचे झाले, तेही याच कामाच्या जोरावर.

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान, तिथल्या जॉशच्या फलकावर लिहिलंय की त्याने लीग आणि बाहेरचे सामने धरून जवळजवळ ८०० होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले. अधिकृत यादीत त्याचे दोनशेसुद्धा नाहीत. लोक यातलं एक खरं आणि एक खोटं ठरवायला बसतात, पण मला वाटतं तसं करायची गरज नाही, यादीतले आहेत ते कुणीतरी कागदावर लिहिलेले आहेत, आणि राहिलेले कुठल्यातरी गावच्या मैदानावर शेदोनशे लोकांसमोर मारलेले, तिथे पेपरवाला नव्हता एवढंच.

पिट्सबर्गचा हिल डिस्ट्रिक्ट माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथे बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९३२ मधे गस ग्रीनली नावाच्या माणसाने स्वतःच्या पैशातून ग्रीनली फील्ड बांधलं, ब्लॅक मालकाचं ब्लॅक टीमसाठीचं मैदान. पैसा नंबर्सच्या धंद्यातला होता, म्हणजे आपल्याकडचा मटकाच, पण त्या पैशातून त्याने पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स ही जी टीम उभी केली ती बघायला मला काळात मागे जायला मिळालं तर मी दुसरं काही मागणार नाही. जॉश गिब्सन, सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल, ज्यूडी जॉन्सन, पाच जण एकाच टीममधे आणि पाचही पुढे हॉल ऑफ फेममधे. बेल इतका जोरात पळायचा की खोलीतला दिवा बंद करून अंधार व्हायच्या आत अंथरुणात पोचतो असं त्याचे दोस्त सांगायचे. आणि हाच बेल म्हातारपणी सेंट लुईसच्या सिटी हॉलमधे रात्रीचा वॉचमन होता. ग्रीनली फील्ड १९३८ मधे पाडलं, तिथे सरकारी घरं झाली. मी तिथून गाडीने जाताना दरवेळी स्पीड कमी करतो, बघण्यासारखं काही नाही तरीपण.

सॅचेल पेजला निदान उशिरा का होईना मिळालं, १९४८ मधे ४२ व्या वर्षी क्लीव्हलंडकडून मेजर लीगमधे आला, आणि १९६५ मधे ५९ व्या वर्षी कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकल्या आणि एकच हिट दिला. हे वाचायला मजेशीर वाटतं पण मला त्याचा त्रास होतो, कारण ५९ ला जो असा टाकतो तो २५ ला काय असेल?

जॅकीच्या आधीही एक होता, हे कमी लोकांना माहीत असतं. मोझेस फ्लीटवुड वॉकर, १८८४ मधे टोलेडोकडून ४२ मॅच खेळला (हा ४२ निव्वळ योगायोग), तोही कॅचर, आणि त्या काळी आजच्यासारखे ग्लोव्हज नव्हते. त्याच्या टीमचा पिचर टोनी मुलेन नंतर स्वतःच म्हणाला की मी पाहिलेला सर्वोत्तम कॅचर तो, पण कुठला बॉल टाकायचा याची खूण ब्लॅक माणसाकडून घ्यायची नाही म्हणून मी त्याला न सांगता मनाला येईल तो बॉल टाकायचो. म्हणजे कुठला बॉल येतोय हे माहीत नाही आणि तो जवळजवळ उघड्या हातांनी पकडायचा, मॅचमागून मॅच.

जॉशच्या थडग्यावर १९७५ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. १९७२ मधे हॉल ऑफ फेममधे गेला, आणि इथे लॉरेन्सव्हिलच्या अ‍ॅलेगेनी सेमेटरीत साधं नाव नाही. जुना टीममेट टेड पेज आणि काही लोकांनी धडपड केली तेव्हा कुठे तो छोटा दगड बसला. मी गेलोय तिथे. लोक बॉल ठेवून जातात.

असे किती होते ते नंतर कळलं. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरला समजलं की जिमी क्रचफील्ड, म्हणजे क्रॉफर्ड्सचाच आउटफील्डर, शिकागोजवळच्या बर ओक सेमेटरीत बिननावाचा पडलाय, डॉक्टरच्या घरच्यांचं आणि क्रचफील्डचं गाव एकच, म्हणून त्याने दगड बसवायचं मनावर घेतलं, तर तिथेच आणखी खेळाडू निघाले. २००४ पासून बेसबॉल संशोधकांना बरोबर घेऊन हे काम चाललंय, एकेक नाव, एकेक दगड.

त्याच बर ओकमधे जॉन डोनाल्डसन आहे, आणि खरं तर आज मला लिहायचं होतं ते त्याच्याबद्दल. डावखुरा पिचर, मिसूरीतल्या ग्लासगोचा, जन्म १८९१. तो ऑल नेशन्स नावाच्या टीममधे होता, ब्लॅक, गोरे, नेटिव्ह अमेरिकन, क्यूबन, जपानी, सगळे एका टीममधे, ट्रेनने गावोगाव फिरायचे. निग्रो नॅशनल लीग सुरू झाली १९२० मधे, तेव्हा हा तिशीला आलेला, म्हणजे ऐन जोरातली वर्षं लीगच्या आधीच गेली, आणि नंतरही तो बराचसा मिनेसोटा, डकोटा, आयोवा असल्या भागातल्या छोट्या गावांच्या टीमकडून खेळला. त्यामुळे २०२४ च्या त्या मोठ्या यादीत त्याचं फार थोडं काम येतं. पण त्या गावांचे आठवड्याचे पेपर होते! लोकांनी लायब्ररीत बसून ते चाळले आणि आत्तापर्यंत त्याचे ४०० हून जास्त विजय आणि ५,००० हून जास्त स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर आउट, सापडलेत. मिनेसोटातल्या फर्गस फॉल्सची १९२५ ची एक फिल्म आहे, मिनिटभराचीही नाही, त्यात तो बॉल टाकताना दिसतो. हात किती सहज येतो त्याचा! एवढ्या मोठ्या कारकीर्दीचं हलतं चित्र तेवढंच, मी ते किती वेळा बघितलंय ते मलाच माहीत.

हे वाचताना मला आपला पळवणकर बाळू आठवतो आणि आठवणारच. तोही डावखुरा, तोही जातीमुळे बाहेर. पुण्यात मैदानावर त्याच्या हातचा बॉल चालायचा पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढल्या आणि हिंदू टीमचं कॅप्टनपद काही त्याला दिलं नाही, ते १९२३ मधे धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. डोनाल्डसन आणि बाळू एकाच काळात, जगाच्या दोन टोकांना, डाव्या हाताने बॉल टाकत होते. माझ्या मुलीला मी दोघांची गोष्ट एकत्रच सांगितली, ती म्हणाली बाबा मग शाळेत का नाही हे. मला तिला देण्यासारखं चांगलं उत्तर सुचलं नाही.

बक ओनील या बाबतीत वेगळाच माणूस. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा फर्स्ट बेसमन, मग मॅनेजर, १९६२ मधे शिकागो कब्जने घेतला तेव्हा मेजर लीगमधला पहिला ब्लॅक कोच. आपल्या जुन्या साथीदारांच्या गोष्टी सांगत म्हातारपणी देशभर फिरला, कॅन्सस सिटीत १९९० मधे निग्रो लीगचं म्युझियम उभं राहिलं त्यात त्याचा मोठा वाटा. २००६ मधे एका खास समितीने निग्रो लीगच्या आणि त्याआधीच्या काळातले सतरा जण हॉल ऑफ फेमसाठी निवडले आणि बकचं एका मताने राहिलं. आणि तो सोहळ्याला गेला! त्या सतरा जणांपैकी कुणीच हयात नव्हतं, त्यांच्या वतीने चौऱ्याण्णव वर्षांचा हा माणूस स्टेजवर उभा राहून बोलला, लोकांकडून गाणं म्हणवून घेतलं, आणि दोन महिन्यांनी गेला. कडवटपणाचा एक शब्द नाही. मला हे जमलं नसतं. त्याची निवड झाली डिसेंबर २०२१ मधे, तो जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर.

त्याच २०२१ च्या मतदानात डोनाल्डसनही होता, राहिला. डिसेंबर २०२४ मधे परत होता, परत राहिला. जुन्या खेळाडूंची ती समिती आता डिसेंबर २०२७ मधे बसेल, आणि त्याच्यावर अजूनही तेच म्हणणार की मोठ्या टीमसमोर किती खेळला, आकडे कच्चे आहेत. म्हणून वाटतंय की तोपर्यंत आपणही हातभार लावावा, पेनसिल्व्हेनियाच्या छोट्या गावांचे १९१० ते १९३० चे बरेच पेपर स्कॅन झालेत आणि घरबसल्या वाचता येतात, डोनाल्डसन नाही सापडला तरी दुसरं कुणी सापडेल. मुलगी म्हणतेय तीपण शोधेल. शनिवारी सकाळी सुरुवात करतोय.