आधी जुना काढून हातात घेऊन या

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधी लागायचा, कधी नाही. नाही लागला तर किल्ली जराशी डावीकडे दाबून धरायची, मग लागायचा. आमच्या पद्मिनीची, म्हणजे लोकांच्या फियाटची, ही खोड घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. जुन्या गाडीची खोड आपण दुरुस्त करत नाही, अंगवळणी पाडून घेतो.

गाडी १९८५ ची. बाबांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. मे महिन्यात आरटीओत पुनर्नोंदणी होती, म्हणजे गाडी तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी जायला हवी. आणि एप्रिलात एका संध्याकाळी कर्वे रोडच्या सिग्नलला ती बंद पडली. डावीकडे दाबून झालं, उजवीकडे दाबून झालं, किल्ली बाहेर काढून फुंकर मारून झाली. दिवा मेलेला. दोन पोरांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी नुसतीच आचके देत पुढे गेली. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, धक्क्यानं भागतं ते तिचं काम. कॉइलला, म्हणजे ठिणगीची सोय करणाऱ्या भागाला, जाणारा करंट किल्लीच्या स्विचमधूनच जातो, तिथेच बोंब असेल तर अख्ख्या गल्लीनं धक्का मारला तरी व्यर्थ. हे मला तेव्हा सुचलं नाही. घामाघूम झाल्यावर सुचलं.

त्याआधी मी बॅटरी नवी घातली होती आणि सेल्फ उघडून कार्बन बदलून घेतले होते. दोन्हीची गरज नव्हती. गॅरेजवाल्याला दोष देत नाही, ‘सेल्फ घेत नाही’ असं मीच त्याला सांगितलं होतं. खरं तर ‘लाल दिवाच लागत नाही’ हे सांगायला हवं होतं.

रविवारी मीटर घेऊन बसलो. स्विचच्या मागे चार पिना. एक बॅटरीकडून येणारी, एक कॉइलकडे जाणारी, एक सेल्फची, एक टेप-पंख्यासाठी. ही चौथी आमच्याकडे रिकामी होती, कारण बाबांनी पंचाण्णव साली बसवलेला टेप, नंतरचा पंखा आणि मी हौसेनं लावलेले फॉग लॅम्प, सगळं वरात निघाल्यासारखं कॉइलच्याच पिनेवर चढवलेलं. फॉग लॅम्प चालू करून मोजलं. बॅटरीकडच्या पिनेवर १२.४ व्होल्ट, कॉइलकडच्या पिनेवर १०.१. म्हणजे सव्वादोन व्होल्ट स्विचच्या पोटातच जळत होते. हात लावून पाहिला तर चटका बसला. पन्नास-पन्नास वॅटचे दोन दिवे त्या इवल्याशा पितळी पत्रीतून ओढले तर ती जळणार नाही तर काय होईल!

नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानात विचारलं, ‘पद्मिनीचा इग्निशन स्विच आहे का?’ दुकानदार हसला. ‘फियाट? ते बंद झालं.’ दुसऱ्यानं ‘मॉडेल कुठलं?’ विचारलं. मी म्हटलं, पद्मिनी. तो म्हणाला, ‘ते कळलं हो. डुक्कर फियाटवालेही फियाटच म्हणतात, डिलाइटवालेही फियाटच म्हणतात.’ त्याचं खोटं नव्हतं. गोलमटोल डुक्कर फियाट त्याआधीची; कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून डिलाइट निघाली, मग काही काळ तिचंच नाव प्रेसिडेंट होतं, १९७४ पासून पद्मिनी. अंगठेवण तीच, पण आतला सुटा भाग कधी बदलला याचा हिशेब कुणाकडे? तिसऱ्यानं टेम्पोला चालतो असा चार पिनांचा स्विच काढून दिला. दोनशे रुपये. घरी आणून बघतो तर गळा जाड, डॅशबोर्डचं भोक कानशीनं वाढवावं लागणार. शिवाय सेल्फ मारून सोडल्यावर किल्ली स्वतःहून मागे येत नव्हती, बोटानं आणावी लागत होती. एखाद्या दिवशी विसरलो तर सेल्फ फिरतच राहणार. परत केला. पैसे मिळाले नाहीत, बदल्यात दोन हेडलाइटचे बल्ब घेतले.

बुधवारी जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतल्या त्या गर्दीत एका पोत्यावर स्विचेस, मीटर, आरसे असा ढीग होता. भंगारात निघालेल्या टॅक्सीचा स्विच मिळाला, दीडशेत. किल्ली नाही. उघडून पाहिला तर आतली पत्री माझ्या स्विचपेक्षा जास्त जळालेली. पण तो टाकला नाही, पुढे कामी आला.

मग मुंबईतल्या एका दुकानाचा नंबर मिळाला. ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांची जुनी दुकानं आहेत, त्यातलं एक. फोनवर आवाज म्हाताऱ्या माणसाचा, मराठी गुजराती वळणाचं. मी मॉडेल, साल, पिना, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘आधी जुना काढून हातात घेऊन या.’ मी म्हटलं, काका, पुण्याहून यायचंय, आहे की नाही तेवढं तरी सांगा. ‘हातात घेऊन या. मग सांगतो.’ फोन ठेवला.

राग आला. पण शनिवारी जुना स्विच रुमालात गुंडाळून डेक्कन क्वीननं निघालोच. सीएसएमटीहून टॅक्सी केली. एकेकाळी इथे दारात पद्मिनीच उभी असायची, आता तिचं नावही नाही. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

काकांनी स्विच हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवून पिनांच्या मधलं अंतर नखानं मोजलं, गळ्याचे आटे बोटानं चाचपले, किल्ली आत घालून दोनदा फिरवली. मग माळ्यावर एक पोरगा चढला आणि ‘डाव्या डब्यात बघ, निळ्या नाही’ असं तीनदा ओरडून झाल्यावर तेलकट तपकिरी कागदातल्या दोन पुड्या खाली आल्या. नवे, पण पंचवीस-तीस वर्षं पडून असलेले. ‘टॅक्सी होत्या तेव्हा महिन्याला डबा संपायचा,’ काका म्हणाले. ‘आता तुमच्यासारखे येतात, सहा महिन्यांत एक. फोनवर हो म्हटलं की येतात, आणि डिलाइटचा स्विच घेऊन पद्मिनीत बसत नाही म्हणून भांडतात.’ माझा राग तिथेच विरघळला. एकाचे नऊशे सांगितले. घासाघीस करायचं धैर्य झालं नाही. दोन्ही घेतले.

आता अडचण किल्लीची. नव्या स्विचला नवी किल्ली, आणि आमच्या जुड्यात तीच एक चाळीस वर्षांची झिजलेली किल्ली, जिनं दार आणि गाडी दोन्ही चालायचं. बाबांना दोन किल्ल्या नको होत्या. त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, पण नवी किल्ली हातात घेऊन टेबलावर ठेवली ती परत उचलली नाही.

आमच्या नाक्यावर फुटपाथवर एक चावीवाले बसतात. त्यांना जुना आणि नवा, दोन्ही दिले. त्यांनी आतली कुलुपाची नळी बाहेर ओढली तेव्हा मी पहिल्यांदाच ते यंत्र पाहिलं. नळीत आडव्या पितळी पत्त्या, नखाच्या कडेएवढ्या पातळ, प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या पत्त्या नळीच्या अंगात बसतात, चुकीची घातली की एखादी बाहेर डोकं काढून अडते. चावीवाल्यांनी जुन्यातल्या पत्त्या चिमट्यानं एकेक उचलून त्याच क्रमानं नव्या नळीत बसवल्या. दोन पत्त्या झिजून गोल झालेल्या. त्यांच्या जागी जुन्या बाजारातल्या भंगार स्विचमधल्या दोन काढून, कानशीनं घासून, किल्ली घालून बघून, परत घासून. पाऊण तास. एक स्प्रिंग उडून गटाराच्या कडेला गेली, ती आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून शोधली. घेतले दोनशे रुपये. मी तीनशे दिले, त्यांनी शंभर परत केले.

इतकी वर्षं पडून असलेल्या स्विचच्या आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. पेट्रोलनं धुतलं, पितळेवरचा काळपटपणा बारीक पॉलिश पेपरनं काढला, नवं ग्रीस लावलं.

बसवताना मात्र मी माती खाल्ली. बॅटरीची निगेटिव्ह काढली, हे बरोबर केलं. वायरींना चिकटपट्टी लावून नंबरही टाकले, पण दोन चिकटपट्ट्या उन्हात सुटल्या आणि मी अंदाजानं लावल्या. वायरिंग मधे कधीतरी बदललेलं, रंगांवरून काही कळेना. बॅटरी जोडली, बाहेरूनच खिडकीतून हात घालून किल्ली एक घर फिरवली. लाल दिव्याऐवजी सेल्फच फिरला. गाडी गिअरमध्ये होती, हँडब्रेक नावापुरता. गाडीनं टुणकन उडी मारली आणि आईची कढीलिंबाची कुंडी फुटली. सेल्फची वायर कॉइलच्या पिनेवर गेली होती.

दुसऱ्यांदा टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर तपासूनच लावली. फॉग लॅम्प आणि पंखा स्विचवरून काढून वेगळ्या फ्यूजवर, रिलेमार्फत, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणाऱ्या बटणामार्फत, थेट बॅटरीवरून घेतले. सेल्फलाही एक रिले टाकला. आता फॉग लॅम्प, पंखा आणि सेल्फसाठी स्विचला फक्त रिलेला इशारा करायचाय, त्याला पाव अँपियरही पुरतो. पुन्हा मीटर लावलं. दोन्ही पिनांत फरक ०.१ व्होल्ट. आरटीओत साहेबांनी गाडी सुरू करायला सांगितली तेव्हा पहिल्याच फटक्यात सुरू झाली, आणि त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

दुसरा स्विच त्याच तेलकट कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. नाना पेठेतल्या दुसऱ्या दुकानदाराला मी उत्साहानं ही सगळी कथा सांगितली होती. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘साहेब, एक गिऱ्हाईक उभंय, पद्मिनीचंच म्हणतंय. तुमच्याकडे एक जास्तीचा होता ना? बसेल का?’

मी म्हटलं, आहे. पण त्यांना सांगा, आधी जुना काढून हातात घेऊन या.