नोकरी सुटली, पेन्शन आत्ताच घेऊ की ५८ पर्यंत थांबू?

तुम्ही विचारलंत म्हणून. मुंबईत पन्नाशीनंतर खासगी नोकरी गेलेले बरेच जण हेच विचारतात. पीएफसोबतची ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शन ५८व्या वर्षी मिळते, पण दहा वर्षं सेवा असेल आणि नोकरी सुटली असेल तर ५० नंतरही मागता येते.

५८ला जितकी वर्षं कमी, तितके वर्षाला ४ टक्के कापले जातात, तेही कायमचे. ५८ला ४,००० बसणार असतील तर ५७ला ३,८४०. मात्र त्या एका वर्षात ४६,०८० रुपये हाती येतात. महिन्याला १६० रुपयांच्या तोट्याने ते फिटायला २४ वर्षं लागतात, म्हणजे वय ८२. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. घरात दुसरी मिळकत नसेल, तर वर्षभर आधी घेण्यात काही चुकत नाही.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. पेन्शन सुरू झाली की ईपीएसचं सभासदत्व संपतं. पुढे अंधेरीत, ठाण्यात कुठे काम लागलं तरी सेवा वाढत नाही. पेन्शन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. यात धरायच्या पगाराची मर्यादा महिन्याला १५,०००, म्हणजे सेवेचं प्रत्येक वर्ष महिन्याला २१४ रुपयांचं. वीस वर्षं भरली तर वर दोन वर्षं जादा धरतात. १८-१९ वर्षांवर अडकला असाल तर आधी नोकरी शोधा, अर्ज नंतर.

हिशेब करताना सगळी सेवा १५,०००वर धरू नका. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना मर्यादा ६,५००ची. तेव्हाची १३ आणि नंतरची ११ वर्षं असतील, तर जादा वर्षं न धरता ३,५६४ येतात, ५,१४३ नव्हेत.

६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, पण सोडलेली रक्कम भरून यायला वयाची चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी वर्षं उजाडतात. नोकरी चालू असेल आणि वर्गणी ईपीएसमध्ये जात राहणार असेल तरच हे करावं. त्यासाठी पर्याय लिहून द्यावा लागतो.

फॉर्म १०डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरण्याआधी यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) जुन्या कंपन्यांची सेवा जोडली गेली आहे का, प्रत्येक नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे पाहा. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच. गावी कोकणात राहायला जाणार असाल तर चिंता नको; जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या खात्यात घेता येते.