चिखलाने जपलेला किल्ला

हेक्सहॅमहून मी ज्या बसने निघालो तिचा क्रमांक ‘एडी १२२’ होता. रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीचे बांधकाम इ.स. १२२ मध्ये सुरू झाले, हे आठवले आणि बस कंपनीच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटली. उत्तर इंग्लंडमधील व्हिंडोलांडाचा किल्ला मात्र त्या भिंतीहूनही जुना. रोमन सैन्याने इ.स. ८५ च्या सुमारास येथे पहिला लाकडी किल्ला उभारला.

गडकोटांची सवय असलेल्या नजरेची येथे थोडी निराशाच होते, कारण ना कडा, ना बुरूज. हिरवळीत कंबरेइतक्या उंचीच्या दगडी भिंतींची नुसती आखणी दिसते. खरा ऐवज त्यांच्याखाली आहे. नवी तुकडी आली की जुन्या लाकडी इमारती पाडायच्या, त्यांवर चिकणमाती व हिरवळीची ढेकळे पसरायची आणि वर पुन्हा बांधायचे, अशा रीतीने एकावर एक नऊ किल्ले झाले. ओल्या मातीत कोंडलेल्या तळच्या थरांपर्यंत प्राणवायू पोहोचला नाही, त्यामुळे एरवी कुजून जाणारे लाकूड, कातडे आणि कापड टिकले. संग्रहालयातील चामडी पादत्राणांत लहान मुलांचेही जोडे आहेत. छावणीत केवळ शिपाई राहत नव्हते, याचा याहून बोलका पुरावा मला हवा नव्हता.

पुरातत्त्वज्ञ एरिक बर्ली यांनी १९२९ मध्ये ही जागा विकत घेतली. त्यांचे पुत्र रॉबिन यांना मार्च १९७३ मध्ये खोदकामात लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या. एकमेकींना चिकटलेल्या दोन चकत्या विलग करताच आत शाईची अक्षरे दिसली, पण हवा लागताच ती पुसट होत गेली आणि अखेर अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रणाने वाचावी लागली.

येथे मिळालेल्या अशा शेकडो पत्रांत मोजे आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याचा उल्लेख असलेले एक पत्र आहे. माझे पाय मात्र क्लॉडिया सेव्हेराच्या निमंत्रणापाशी रेंगाळले. इ.स. १०० च्या सुमारास तिने सुल्पिसिया लेपिडिना या सेनाधिकाऱ्याच्या पत्नीला ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावले होते. मजकूर लेखनिकाचा असला, तरी शेवटच्या ओळी सेव्हेराने स्वतः लिहिल्या आहेत. ही वळणदार लॅटिन लिपी मला अनोळखी मोडीइतकीच अगम्य होती. छायाचित्रातले एक अक्षरही लागले नाही, पण लिहिणारा हात कोठे बदलला ते स्पष्ट दिसत होते.