बाबांचं ट्रेसिंग आणि सेकंदाला सहा इंच

मालवणात भरडावर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. बाबांच्या वेळी लोक त्याला ‘अमोनियावाले’ म्हणायचे. प्लॅनच्या प्रती काढायचं यंत्र आतल्या खोलीत असायचं आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. आता आर्किटेक्ट पीडीएफ पाठवतात, मी प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर, छापून देते. उलटं काम मात्र अजून असतं: जुना मोठा कागद आणायचा आणि त्याची फाइल करून मागायची. ते आम्ही ए-थ्री स्कॅनरवर करत होतो. ए-वनच्या एका प्लॅनमध्ये ए-थ्रीचे चार कागद बसतात, पण जोडायला कडा एकमेकींवर घ्याव्या लागतात, म्हणून सहा तुकडे तरी होतात. मग ते कॉम्प्युटरवर जोडत बसायचं. सांध्यावर एखादी भिंत केसभर सरकते, ती सरळ करेपर्यंत दुपार जाते.

शेवटी ३६ इंची स्कॅनर घ्यायचं ठरवलं. किंमत ऐकून नवरा म्हणाला, ‘‘एवढ्यात होडी येईल.’’ मी म्हटलं, होडीत प्लॅन स्कॅन होत नाहीत.

ऑगस्टातल्या एका सकाळी कोल्हापूरहून विक्रेत्याचा माणूस फोंडा घाट उतरून डेमोला आला. यंत्र खोक्यात, खोकं ताडपत्रीत. मांडणी केली आणि त्याने स्वतःचा कोरा करकरीत प्लॅन आत सोडला. खरंच सांगते, डोळे दिपले. ए-वनची लांबी ३३ इंच, ब्रोशरवर लिहिलं होतं सेकंदाला सहा इंच, आणि कागद साडेपाच-सहा सेकंदांत मागून बाहेर. दुकानातला पोरगा टाळ्या वाजवायचाच राहिला होता.

मग मी ब्रोशरची तळटीप वाचली. तो वेग २०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०० ठिपक्यांचा होता, तोही ग्रे. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या नकाशांत गुलाबी, निळी, हिरवी शाई असते, ती उडून फिकट झालेली असते, त्यामुळे रंगीत आणि निदान ४०० डीपीआय लागतंच. तसं लावल्यावर त्याच प्लॅनला ४० सेकंद लागले आणि फाइल झाली जवळपास ३७० एमबी. ती आमच्या कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत चहा झाला. ब्रोशरवर ९६०० डीपीआयही छापलं होतं. मी विचारलं, ‘‘यातलं ऑप्टिकल किती?’’ ‘‘ऑप्टिकल ६०० आहे मॅडम, बाकी सॉफ्टवेअर वाढवतं.’’ वाढवतं म्हणजे दोन खऱ्या ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने ठिपके भरतं. त्याने फाइल फुगते, अक्षर स्पष्ट होत नाही.

इथवर सगळं अपेक्षेप्रमाणेच होतं. तेवढ्यात पायरीवर एक आजोबा आले. खांद्यावर प्लॅस्टिकचा पाइप, दोन्ही टोकांना बुचं लावलेली. आत नकाशा. भावकीच्या वाटपाच्या वेळी त्यांच्या वडिलांनी खासगी मोजणीवाल्याकडून करून घेतलेला, ट्रेसिंगच्या कापडावर. हे कापड आता सहसा मिळत नाही. तलम सुती किंवा लिननच्या कापडाला स्टार्चची खळ देऊन ते तयार करायचे. दिसायला मेणकापडासारखं, पण पाण्याचा थेंब पडला की खळ विरघळते, आणि पावसाळ्याच्या हवेत नुसतं ठेवलं तरी मऊ पडतं. नकाशा ३० इंच लांब. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं: एक इंच म्हणजे ३३ फूट. ३३ फूट म्हणजे जुनी साखळी, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. म्हणजे त्या नकाशावर बोटाने एक इंचाचा चौकोन दाखवला की एक गुंठा दाखवला. इतकं सुबक प्रमाण मी कधी पाहिलं नव्हतं.

आजोबा यंत्राकडे बघून म्हणाले, ‘‘गे बाय, फाटाचो नाय मा?’’

विक्रेत्याचा माणूस म्हणाला, रोलर रबराचे आहेत, काही होत नाही. मी म्हटलं, थांबा. आतल्या कपाटातून बाबांच्या हातचं एक ट्रेसिंग काढलं. तेही कापडावरचंच, साधारण त्याच वयाचं, तशाच कडक घड्या पडलेलं. घराचा एक जुना प्लॅन होता, मालक कधीच मुंबईला गेलेले. म्हटलं, हे घालून बघूया.

पहिल्या दोन घड्या गेल्या. तिसरीवर खट्ट आवाज आला आणि यंत्र थांबलं. अर्धं ट्रेसिंग आत, अर्धं बाहेर. त्या माणसाने घाईने उलटं फिरवायचं बटण दाबलं. कड दोन बोटं फाटली, बाबांनी उत्तर दिशेचा बाण काढला होता तिथेच. कोणी काही बोललं नाही. चूक त्याची म्हणावी तर घालायला मीच दिलं होतं. आजोबांनी हळूच आपला पाइप टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

मग पारदर्शक पाकीट आलं. नाजूक कागद त्यात घालून पाठवायचा, रोलर पाकिटाला लागतो, कागदाला नाही. फाटायची भीती गेली. पण फाटणं दिसतं तरी. न दिसणाऱ्या चुकीचं काय? बाबांची एक सवय मला लागलीय, कुठलंही नवीन यंत्र आलं की त्यावर आधी पट्टी टाकायची. पॉलिएस्टर फिल्मवर स्टीलच्या पट्टीने आडवी आणि उभी अशी बरोबर ५०० मिलिमीटरची एकेक रेघ मारली, शिवाय कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी, आणि ती फिल्म पाकिटात घालून पाठवली. स्क्रीनवर मोजलं. आडवी ५००. कागद सरकतो त्या दिशेची, ५०३.

विक्रेत्याच्या माणसाने कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्राचं माप जुळवून घेतलं. नुसती फिल्म घातल्यावर बरोबर आलं. पाकिटात घातलं की पुन्हा ५०३, एकदा तर ५०२. पाकीट रोलरखाली घसरत होतं, आणि दरवेळी सारखंच घसरेल याचा भरवसा नव्हता. एकच ठरावीक प्रमाण धरून फाइल आखडून घ्यावी, तर तेही जमणार नाही. शिवाय तिरकी रेघ दोन जागी तुटल्यासारखी दिसत होती. त्या रुंदीत सेन्सरच्या पट्ट्या एकापुढे एक लावलेल्या असतात, त्यांचे ते सांधे.

तीन मिलिमीटर म्हणजे किती, हे मी कागदावर मांडलं. आजोबांच्या नकाशाची लांबी जमिनीवर ९९० फूट. ५०० ला तीन या हिशेबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट वाढले. आमच्याकडे गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, फूटभर सरकला तरी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला खेपा घालतात.

‘‘ह्येच्यात मी घालूचंय नाय, आजोबानू,’’ मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांचा नकाशा यंत्रात गेलाच नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या शेजाऱ्याचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मागितला. बाबांचं ड्रॉइंगचं टेबल, वर जाड काच, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, म्हणजे काचेवर चमक येत नाही. कॅमेरा बरोबर डोक्यावर, खाली तोंड करून. ३० इंच एकाच फोटोत घेतले तर २०० डीपीआयच पडतात, बारीक शाई जाते. म्हणून चार तुकडे. वाइड लेन्स लावली नाही, तिने कडेच्या रेघा धनुष्यासारख्या वाकतात. कडेने स्टीलच्या पट्ट्या ठेवून घेतल्या आणि त्यांच्यावरून तुकडे जुळवले. ज्या जोडकामाला कंटाळून यंत्र घ्यायला निघाले होते, त्याच कामावर रात्री अकरापर्यंत बसले.

यंत्र मी पुढच्या महिन्यात घेतलं, दुसऱ्या विक्रेत्याकडून. वेग पहिल्याच्या निम्मा. पण काचेला चिकटलेल्या सेन्सरच्या पट्ट्यांऐवजी आत सीसीडीचा, म्हणजे लांबून भिंगातून बघणारा, कॅमेरा आहे, त्यामुळे घडीचा उंचवटा धूसर होत नाही. पहिल्यात तो काचेपासून जरा उचलला गेला की अक्षर पुसट व्हायचं आणि कडेला रंगीत झालर दिसायची. याच्यात कागद न वाकता सरळ मागे जातो, आणि वरचा भाग जाडीप्रमाणे उचलता येतो. पाकिटासकट ५०० च्या ५०० आल्या. डेमोत त्यांना बाबांचं फाटकं ट्रेसिंगच घालायला दिलं, त्यांचा स्वतःचा प्लॅन गाडीतच ठेवायला सांगितला. तरी कापडावरचे नकाशे आणि वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फाइली मी अजून टेबलावरच घेते.

आजोबा मात्र त्या पहिल्या डेमोनंतर चौथ्याच दिवशी आले होते. मी आधीच सांगितलं होतं, ही काही सरकारी नक्कल नव्हे, वकिलाला दाखवायला फक्त. त्यांनी खिशातून पांढरा दोरा काढला. मूळ नकाशावर विहिरीपासून वहाळापर्यंत ताणला, चिमटीत धरला, आणि तसाच माझ्या प्रिंटवर ठेवला. मग नकाशावरच काढलेल्या मोजपट्टीवर ठेवला. दोनदा बघितलं.

‘‘चार कॉपी काढ,’’ म्हणाले. ‘‘भावाक पण एक होयी.’’

मी हसले. त्यांनी पाइपाला बूच लावलं आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाले, ‘‘तेचे पैशे मातर तेच्याकडसून घे.’’